शोधण्याचा वेळ

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नावाचे गाव आहे. भोवताली काळी कसदार जमीन पसरलेली आहे. तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके घेतात. आषाढातील दिवस होते. पेरण्या आटोपल्या होत्या आणि पीकविम्याचा अर्ज भरण्याची मुदत त्याच दिवशी संपावयाची होती. गावातील सेवा केंद्रापुढे सकाळपासून रांग लागली होती. रांगेत एक वृद्ध शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या नातवाला घेऊन उभा होता.

आत संगणकाच्या पडद्यावर एक लहानसे वर्तुळ गरगर फिरत होते. केंद्र चालविणाऱ्या तरुणाने सकाळी यंत्र सुरू केले, तेव्हा ते कामाला लागेपर्यंत चार-पाच मिनिटे गेली होती. मध्येच वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून तोच प्रकार सुरू झाला. खोक्यातून अखंड बारीक खरखर ऐकू येत होती.

"बाबा, जरा दम धरा. यंत्र जुने झाले आहे," तरुण म्हणाला.

"दम मी धरीन, लेकरा, पण मुदत धरील का?" वृद्धाने विचारले.

रांगेतील माणसे हसली. परंतु ते हसणे फार वेळ टिकले नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न होता.

वाट पाहता पाहता आजोबांना जुने दिवस आठवले. ते नातवाला सांगू लागले, "माझ्या लहानपणी ही सारी माहिती पटवाऱ्याच्या दप्तरी असे. कागद लाल कापडात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुढे भावकीत वाटणीचा वाद निघाला, तेव्हा मला खासरा पाहणीची नक्कल हवी होती. मी परभणीला तहसिलीत गेलो. तेथल्या कारकुनाने एक रुमाल सोडला. त्यात आपले गाव नाही. दुसरा सोडला, त्यात गाव आहे, पण गट नाही. असे करता करता दुपार कलली. कागद हाती आला, तेव्हा तो वाचायला मात्र पाच मिनिटेही लागली नाहीत."

खासरा पाहणी म्हणजे मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, १९५४-५५ च्या सुमारास, शेतोशेत फिरून केलेली जमिनीची नोंद होय. कोणते शेत कोणाच्या नावे आहे आणि कोण कसतो, हे तीत लिहिलेले असे. त्यानंतर १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. राज्ये बदलली, तरी ती पत्रके टिकून राहिली आणि आजही जमिनीच्या वादात पुरावा म्हणून काढली जातात.

आजोबांनी सहज सांगितलेल्या या गोष्टीत संगणकाच्या वेगाचे मर्म आहे. कोणत्याही दप्तरातून माहिती मिळविण्यास दोन प्रकारचे वेळ लागतात. एक शोधण्याचा वेळ आणि दुसरा वाचण्याचा वेळ. पुष्कळांना वाटते, की जे यंत्र भराभर वाचते तेच वेगवान. वस्तुतः दुपार खाल्ली होती ती वाचण्याने नव्हे, शोधण्याने.

संगणकाचे दप्तर अनेक वर्षे फिरत्या तबकड्यांवर ठेवले जात असे. अशा यंत्राला हार्ड डिस्क म्हणतात. सेवा केंद्रातील खोक्यात तीच होती आणि ती खरखरही तिचीच होती. या यंत्राचा पहिला पूर्वज अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली पुढे आणला. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात पन्नास लक्ष अक्षरे मावत. एवढी अक्षरे मावण्यास आज नखाएवढीही जागा लागत नाही! त्या यंत्रात हवी ती नोंद सापडण्यास सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. त्या काळी हा मोठाच चमत्कार वाटला. कारण त्यापूर्वी माहिती लांबच लांब चुंबकीय फितीवर असे आणि शेवटची नोंद हवी असल्यास सारी फीत उलगडावी लागे.

हार्ड डिस्कमधील तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. तबकडी वेगाने फिरत असते आणि एक बारीक भुजा तिच्यावर आतबाहेर सरकत असते. भुजेच्या टोकाशी असलेला वाचक तबकडीला स्पर्श न करता तिच्यावरील चुंबकीय खुणा ओळखतो. आता हिशेब करून पाहावा. चांगल्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग लागतो. हवी ती खूण भुजेखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्याआधी भुजेला योग्य जागी सरकण्यास सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. एकूण १२ मिलिसेकंद झाले. ते ऐकावयास काहीच वाटत नाहीत. परंतु संगणक सुरू होताना त्याला एक मोठा ग्रंथ वाचावयाचा नसतो; तबकडीवर इतस्ततः विखुरलेल्या हजारो लहान चिठ्ठ्या गोळा करावयाच्या असतात. अशा वीस हजार चिठ्ठ्या आहेत असे समजा. प्रत्येकीस १२ मिलिसेकंद, म्हणजे एकूण २४० सेकंद. पूर्ण चार मिनिटे! सेवा केंद्रातील खरखर म्हणजे चिठ्ठीमागून चिठ्ठी शोधीत धावणाऱ्या त्या भुजेचाच आवाज होता.

तबकडीचा वेग वाढविण्याचे प्रयत्न झालेच. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या तबकड्याही निघाल्या. तरीही भुजेला सरकावे लागे आणि फेऱ्याची वाट पाहावी लागे. जोवर काहीतरी हलते आहे, तोवर हलण्याला वेळ लागणारच. मग काहीच हलू नये, अशी स्मृती करता येईल काय?

या प्रश्नाच्या उत्तराचे बीज १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पडले. दावोन कांग आणि सायमन झी या दोन शास्त्रज्ञांनी एक सूक्ष्म विद्युत्-घर कल्पिले. त्या घराच्या चोहोबाजूंस वीज वाहू न देणाऱ्या पदार्थाच्या भिंती होत्या. पुरेसा दाब दिला, म्हणजे इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून आत शिरत आणि दाब काढून घेतल्यावर आतच कोंडून राहत. घर भरलेले आहे की रिकामे, एवढ्यावरून एक खूण ओळखता येई. विजेचा पुरवठा बंद केला तरी खूण पुसली जात नसे.

जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी या कल्पनेला व्यवहाराचे रूप दिले. एकेका घरातील खूण एकेकटी पुसण्याऐवजी पुष्कळ घरे एकदम पुसावी, म्हणजे रचना सोपी व स्वस्त होईल, असे त्यांनी ताडले. ही स्मृती त्यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. एका झटक्यात खुणा पुसल्या जाण्याच्या त्या क्रियेवरून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला छायाचित्र काढताना होणाऱ्या लखलखाटाची आठवण झाली. म्हणून त्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचविले. तिची अधिक दाट रचना १९८७ साली प्रसिद्ध झाली. आजच्या बहुतेक वेगवान स्मृतीयंत्रांत तीच असते.

अशा घरांच्या चकत्या एका पट्टीवर बसवून तबकडीच्या जागी वापरण्याजोगे जे यंत्र करतात, त्याला सॉलिड स्टेट ड्राइव्ह किंवा थोडक्यात एसएसडी म्हणतात. त्यात फिरणारा वा सरकणारा एकही भाग नसतो. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या एका कंपनीने, जी पुढे सॅनडिस्क या नावाने प्रसिद्ध झाली, १९९१ साली असे एक यंत्र विकावयास काढले. कानपूर येथे जन्मलेले संजय मेहरोत्रा हे त्या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक होत. त्या यंत्रात फक्त २० मेगाबाइट माहिती मावे आणि त्याची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. मेगाबाइट म्हणजे दहा लक्ष खुणा-अक्षरे. तीही रोमन लिपीतील. देवनागरीच्या एका चिन्हाला संगणकात बहुधा तीन अक्षरांची जागा लागते, त्यामुळे मराठी मजकूर त्यात आणखीच थोडा मावला असता.

साध्या एसएसडीत एखादी चिठ्ठी शोधून काढण्यास मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. पूर्वीचाच हिशेब पुन्हा मांडला, तर वीस हजार चिठ्ठ्यांना चार मिनिटांच्या जागी दोन सेकंद लागतात. संगणकाला सुरू होताना इतरही कामे असतात. म्हणून प्रत्यक्षात तो दोन सेकंदांत उभा राहत नाही. पण वीस-पंचवीस सेकंदांत बहुधा राहतो.

येथे एक मौज लक्षात घेण्यासारखी आहे. सलग वाचण्याच्या कामात हार्ड डिस्क तितकीशी मंद नसते. ती सेकंदाला सुमारे १६० मेगाबाइट वाचते, तर साधी एसएसडी सुमारे ५५०. हा फरक साडेतीन पटींहून अधिक नाही. शोधण्याच्या कामात मात्र तो शंभर पटींच्या पुढे जातो. माणसाला जो जाणवतो तो हाच दुसरा फरक होय.

आरंभी एसएसडीला जुन्याच वाटेने चालावे लागले. हार्ड डिस्कसाठी घातलेल्या तारेतून सेकंदाला ६०० मेगाबाइटपेक्षा अधिक माहिती जाऊच शकत नव्हती. शिवाय त्या पद्धतीत मागणीची रांग एकच असे आणि त्या रांगेत ३२ मागण्याच उभ्या राहू शकत. भुजा एकच असल्याने तबकडीला एवढी रांग पुरेशी होती. एसएसडीत मात्र अनेक चकत्या एकाच वेळी काम करू शकतात. तिच्यापुढे एकच रांग लावणे म्हणजे दहा कारकून बसवून खिडकी एकच उघडण्यासारखे होते. म्हणून २०११ साली एनव्हीएमई नावाची नवी पद्धत ठरविण्यात आली. तीत सुमारे पासष्ट हजारांपर्यंत रांगा लावता येतात. तारेऐवजी ही यंत्रे संगणकाच्या मुख्य पट्टीवरच बसतात आणि चार मार्गांनी एकदम माहिती नेतात. प्रथम ती सेकंदाला ३,५०० मेगाबाइटपर्यंत वाचू लागली, पुढील पिढीत ७,०००, आणि त्यानंतरच्या पिढीत १४,००० पर्यंत पोहोचली. दोन-अडीच तासांचा सामान्य आकाराचा चित्रपट या शेवटच्या यंत्रातून डोळ्याचे पाते लवेपर्यंत वाचून होतो.

हे आकडे यंत्राच्या वेष्टनावर ठळक छापलेले असतात आणि ते पाहून ग्राहक भुलतो. परंतु ७,००० चे १४,००० झाले, म्हणून अर्ज भरणाऱ्याचा वेळ अर्धा होत नाही. कारण हे सारे आकडे सलग वाचण्याचे आहेत. एकेक चिठ्ठी शोधण्याचा वेळ या सर्व पिढ्यांत जवळजवळ सारखाच राहिला आहे. चित्रपट संपादित करणारे किंवा प्रचंड गणिते सोडविणारे यांना त्या वेगाचा मोठा उपयोग होतो. शाळेतील वा सेवा केंद्रातील संगणकाला हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसविली, की जो पालट दिसतो, तसा पुढे कितीही पैसा खर्चून पुन्हा दिसत नाही.

वेगाची ही देणगी फुकट मिळालेली नाही. पाटीवरील एक अक्षर चुकले, तर विद्यार्थी बोटाने तेवढेच पुसतो. फ्लॅश स्मृतीत तसे करता येत नाही. तेथे लिहिता येते पानापानाने, पण पुसावा लागतो शेकडो पानांचा सबंध गठ्ठा. म्हणून एक शब्द बदलावयाचा असला, तरी यंत्र नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहिते, जुन्या पानावर 'रद्द' अशी खूण करते आणि सवड मिळेल तेव्हा गठ्ठा आवरून मोकळा करते. यंत्र काठोकाठ भरलेले असले, की कोरी पाने उरत नाहीत आणि लिहिण्याचा वेग खाली येतो. म्हणून त्यात थोडी जागा नेहमी रिकामी ठेवणे शहाणपणाचे असते.

शिवाय भिंतीतून इलेक्ट्रॉनांची ये-जा झाली, की भिंत प्रत्येक वेळी किंचित झिजते. एका घरात एकच खूण ठेवणारी स्मृती सुमारे एक लक्ष वेळा पुसून लिहिता येते. स्वस्ताईसाठी आता एका घरात तीन किंवा चार खुणा कोंबतात. त्यासाठी घरातील विजेच्या आठ किंवा सोळा वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. अशी घरे हजार ते तीन हजार वेळा लिहिल्यावर थकतात. यंत्रातील एक लहानसा नियंत्रक हे ओझे सर्व घरांवर पाळीपाळीने वाटतो, म्हणून नित्याच्या वापरात यंत्र वर्षानुवर्षे टिकते.

चार-चार खुणा जपून लिहिण्यास वेळ लागतो. यावर निर्मात्यांनी एक युक्ती योजली आहे. सुगीच्या दिवसांत गाडीतील पोती शेतकरी प्रथम अंगणात भराभर उतरून घेतो आणि मग सवडीने कोठीत रचतो. त्याचप्रमाणे नवा मजकूर काही घरांत एकेका खुणेने झटपट लिहून घेतला जातो आणि मागाहून दाटीने रचला जातो. अंगण भरेपर्यंत वेग मोठा दिसतो. अंगण भरले, की स्वस्त यंत्राचा वेग एकाएकी घसरतो. कधी कधी तो हार्ड डिस्कच्याही खाली जातो. वेष्टनावर मात्र अंगणाचाच वेग छापलेला असतो! परभणीच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. अतिवेगवान एसएसडी काम करताना बरीच तापते आणि मर्यादेबाहेर तापली, की स्वतःला वाचविण्यासाठी आपण होऊन वेग कमी करते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट टिकाऊपणाची आहे. कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडून राहत नाहीत. फार हळूहळू का होईना, ते निसटतात. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जे मानक ठरलेले आहे, त्यात अपेक्षा अशी आहे, की पूर्ण वापरून झालेल्या यंत्राने ३० अंश सेल्सिअस उष्णतेत, विजेवाचून, एक वर्ष मजकूर सांभाळावा. नवे यंत्र याहून पुष्कळ अधिक काळ सांभाळते, परंतु विजेवाचून पेटीत ठेवून विसरून जावे, अशी ही वस्तू नव्हे. खासरा पाहणीचे पत्रक मात्र रुमालात बांधलेल्या स्थितीत सत्तर वर्षे राहिले आहे.

आता पुन्हा पिंगळीकडे वळू. त्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास आजोबांचा अर्ज भरून झाला. त्यांच्यामागे रांगेत अजून आठ-दहा माणसे होती. केंद्राचा तरुण रात्री फार वेळ स्वस्थ झोपू शकला नाही. पुढल्याच आठवड्यात परभणीला जाऊन त्याने एक साधी एसएसडी विकत आणली. ती तळहातात मावणारी, हलकी चपटी डबी होती. जुन्या तबकडीवरील सर्व मजकूर त्याने तिच्यावर उतरवून घेतला, खोक्यातील चार स्क्रू फिरविले आणि तिला तबकडीच्या जागी बसविले. बाकीचे यंत्र पूर्वीचेच राहिले.

रब्बीच्या वेळी आजोबा नातवासह सातबाऱ्याचा उतारा घेण्यासाठी पुन्हा तेथे गेले. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून सातबारा संगणकावरूनच, अधिकाऱ्याच्या अंकीय स्वाक्षरीसह मिळू लागला आहे. तरुणाने कळ दाबली आणि वीस आकडे मोजण्याच्या आत संगणक कामाला लागला. नातवाने खोक्याला कान लावला. आतून पंख्याचा मंद आवाज तेवढा येत होता.

तथापि गट क्रमांक घातल्यावर पडद्यावर ते लहानसे वर्तुळ पुन्हा फिरू लागले.

"दादा, नवे यंत्र बसविले ना? मग आता हे का थांबले?" नातवाने विचारले.

"आपले यंत्र थांबलेले नाही," तरुण म्हणाला. "उतारा या खोक्यात नाही, तो दूरच्या संगणकात आहे. या घटकेला कितीतरी गावांतून तेथे मागणी गेली असेल. तिकडची रांग आणि मधली तार यांना माझी एसएसडी काय करणार?"

दोन मिनिटांनी उतारा आला. आजोबांनी तो चष्मा लावून नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला. घरी पत्र्याच्या पेटीत खासऱ्याची जुनी नक्कल होती. तिच्याशेजारी हा ठेवावयाचा होता.

तेवढ्यात नातवाला मेजावर ती जुनी तबकडी दिसली. तरुणाने ती एका कवचात बसवून तारेने संगणकाला जोडली होती.

"ही टाकून दिली नाही?" त्याने विचारले.

"टाकतो कशाला? रोज संध्याकाळी दिवसभराचे काम हिच्यावर उतरवून ठेवतो. तिला कितीही वेळ लागो. तेव्हा रांग नसते."

त्याने कळ दाबली. तबकडी फिरू लागली आणि तिची ओळखीची खरखर खोलीत ऐकू येऊ लागली.